शिष्यवृत्ती आणि बोटीचे भाडे

परदेशी कला शिकून आलेल्या कलावंताचे चरित्र आपल्याकडे एका ठरलेल्या साच्यात लिहिले जाते. पॅरिस किंवा रोम, तिथली संग्रहालये, नामवंत गुरू आणि परतल्यावर बदललेली शैली. बोटीचे भाडे कोणी दिले, हा प्रश्न या साच्यात बसत नाही. कलेचा इतिहास बहुतांशी अशांनी लिहिला, ज्यांच्या घरात हा प्रश्न कधी पडलाच नाही. म्हणून ऑगस्टा सॅव्हेज या अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिल्पकार स्त्रीचा पॅरिसप्रवास मला इथे मांडावासा वाटतो.

ऑगस्टाचा जन्म १८९२ साली फ्लोरिडातील ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावी झाला. तिथल्या तांबड्या मातीची बदके, जनावरे ती लहानपणी करी. बाप मेथॉडिस्ट धर्मोपदेशक. मूर्ती घडवणे पाप, या समजुतीने तो तिला मारी. १९२१ साली ती न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये शिल्पकला शिकू लागली. तिथे फी नव्हती. तिची नोकरी गेली, तेव्हा संस्थेने तिच्या राहण्याजेवण्याचा खर्चही उचलला.

१९२३ साली फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कलाशाळा निघाली. ऑगस्टाने अर्ज केला. तो नाकारला गेला. नकार फ्रान्सचा नव्हता. अमेरिकन निवड समितीने तिला घरच्या घरीच अडवले. दक्षिणेतील गोऱ्या मुलींना तिच्यासोबत प्रवास करणे, राहणे जड जाईल, हे कारण पुढे आले. हे कारण नीट वाचले पाहिजे. तिच्या कामात उणे आहे, असा हा आक्षेप नव्हता. भेद करणाऱ्याला अवघड वाटेल म्हणून भेद सोसणाऱ्याने बाहेर राहावे, असा हा न्याय. पाणवठ्यावर आणि शाळेच्या ओसरीवर आपल्या वाडवडिलांना हाच न्याय मिळाला.

ऑगस्टा गप्प बसली नाही. तिने वर्तमानपत्रातून समितीला जाहीर जाब विचारला. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांनी तिची बाजू घेतली. समितीपैकी हर्मन मॅकनील या शिल्पकाराने तिला स्वतःकडे शिकवण्याची तयारी दाखवली. पण निर्णय फिरला नाही.

१९२५ साली तिला रोमच्या कला अकादमीत शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यात फी होती; प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च नव्हता. ऑगस्टा तेव्हा लॉन्ड्रीत कपडे धूत होती आणि घरच्यांना पोसत होती. ती रोमला जाऊ शकली नाही. दार उघडे आहे असे जाहीर करायचे आणि दारापर्यंतची वाट मात्र ज्याची त्याने शोधायची, अशी ही उदारता.

अखेर १९२९ साली तिच्या ‘गॅमिन’ या शिल्पामुळे तिला रोझनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. टोपी घातलेल्या, रस्त्यावर वाढणाऱ्या एका काळ्या पोराचा हा अर्धपुतळा. कृष्णवर्णीय शिक्षकांनी आणि स्त्रियांच्या मंडळांनी तिच्यासाठी पैसे जमवले. मग ती पॅरिसला गेली, ग्रांद शोमिएर या कलाशाळेत शिकली, तिथल्या प्रदर्शनांत तिची शिल्पे लागली.

पण या प्रवासाचे खरे मोल मला तिच्या परतण्यात दिसते. १९३२ साली, मंदीच्या काळात, तिने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत स्वतःची कलाशाळा काढली. १९३७ साली ती सरकारी मदतीने चालणाऱ्या हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटरची पहिली संचालक झाली. जेकब लॉरेन्स या तरुण चित्रकाराला सरकारी कलायोजनेत काम मिळावे म्हणून ती त्याला घेऊन गेली. वय कमी म्हणून त्याला परत पाठवले. वर्षभराने ती त्याला पुन्हा घेऊन गेली आणि काम मिळवून दिले. याच लॉरेन्सने पुढे कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर साठ चित्रांची मालिका रंगवली. ऑगस्टाचे स्वतःचे मोठे शिल्प मात्र टिकले नाही. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेले सोळा फुटी ‘द हार्प’ प्लास्टरचे होते. ब्राँझमध्ये ओतायला पैसा नव्हता. मेळा संपल्यावर ते पाडले गेले.

आपल्यालाही हा इतिहास परका नाही. बाबासाहेब १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते सिडनेहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या आणि नवल भथेना या मित्राच्या मदतीवर. ऑगस्टाची बाजू घेणाऱ्या ड्यू बॉईस यांच्याशी बाबासाहेबांचा १९४६ साली पत्रव्यवहार झाला, हेही ध्यानात ठेवावे.

अटी मुदतीच्या आणि पैशाच्याच असतात असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठीच्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. म्हणजे परदेशी जा, पण आपल्या गावच्या वेशीचा अभ्यास करू नका!

म्हणून विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे असे की, शिष्यवृत्तीच्या जाहिरातीतला आकडा वाचून थांबू नका. तिच्या अटी वाचा, आणि त्या कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत ते तपासा. आपल्या वस्तीतून जो कोणी पहिल्यांदा परदेशी शिकायला गेला, त्याच्या भाड्यासाठी कोणी वर्गणी दिली, कोणी दागिने मोडले, याची नोंद आजच करून ठेवा. ती दुसरे कोणी करणार नाही.