एनआयटीतले बाऊजी आणि थोहा खालसाची विहीर

फरीदाबादला बदली झाली तेव्हा 'एनआयटी' म्हणजे एखादं इंजिनिअरिंग कॉलेज असेल असं वाटलं होतं. निघाली न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप. बन्नू, डेरा इस्माईल खानकडच्या निर्वासितांनी 1949 नंतर स्वतः विटा वाहून उभी केलेली वस्ती.

तिथल्या बाजारात चहा पिताना एका बाऊजींशी ओळख झाली. वय नव्वदीच्या घरात. मी फौजी आहे हे कळल्यावर एकदा म्हणाले, "कर्नलसाहेब, मुलीला वाचवायला बापाने तिलाच मारलं, तर पाप कोणाचं?" पुढे बोलले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही.

फाळणीच्या इतिहासात हा प्रश्न ठिकठिकाणी भेटतो. मार्च 1947 मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावाला जमावाने वेढलं. नव्वदच्या आसपास शीख बायकांनी मुलांसह विहिरीत उड्या घेतल्या. विहीर भरली, म्हणून शेवटच्या काही जणी बुडाल्याच नाहीत. तिथल्याच एका बापाने आपल्या मुलीवर कृपाण चालवली. पहिला वार अडला, तेव्हा तिने स्वतः वेणी बाजूला केली. हे तिच्या भावाने उर्वशी बुटालियांना सांगितलं. त्यांचं पुस्तक 1998 चं.

त्या बापाच्या मनात माया नव्हती असं मी म्हणणार नाही. बाहेर काय चाललं होतं ते त्याला ठाऊक होतं. पण मायेत आणखी काही मिसळलं होतं का? पुढे पळवलेल्या स्त्रियांना शोधून परत आणलं गेलं, 1949 मध्ये त्यासाठी कायदाही झाला. त्याआधीच 'यांना घरात घ्या' असं गांधीजींना आणि नेहरूंना जाहीरपणे विनवावं लागलं होतं. म्हणजे भीती फक्त मुलीच्या हालांची नव्हती, घराण्याच्या अब्रूचीही होती. तिने वेणी बाजूला केली, पण नाही म्हणायची मोकळीक तिला होती का?

त्या बायकांना आज शहीद म्हणतात. हा आमच्या पेशातला शब्द आहे. सैनिक शपथ घेतो, धोका ओळखून पुढे जातो. आईच्या कडेवरच्या पोराने कुठली शपथ घेतली होती?

माझ्यापुरतं उत्तर असं. हेतूमुळे माणसाकडे बघण्याची नजर बदलते, कृत्याचं नाव बदलत नाही. त्या बापाला मी खुनी म्हणून हिणवणार नाही; पण जे झालं त्याला बलिदानही म्हणणार नाही. बलिदान म्हटलं की पुढच्या बापाचा हात सोपा होतो. वेढा घालणाऱ्यांचं पाप वेगळं आणि पूर्ण. त्याने या पापाची वजाबाकी होत नाही.

पुढच्या रविवारी बाऊजींना एवढंच म्हणालो, "पाप बापाचंच. पण त्याच्यासाठी रडायला हरकत नाही."

ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी होती."