डालड्याचा डबा आणि पाच रुपयांची पुडी

मूर्तिजापूरला आमच्या अब्बांचे किराणा दुकान होते. अमरावती आणि अकोला यांच्या मधले हे रेल्वेचे गाव. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून माणसे येत. "चाराण्याचं तेल द्या जी, चाचा," असे म्हणत बाया आपली बाटली पुढे करत. तेलाला बाटली गिऱ्हाइकाची, डाळीला पिशवी गिऱ्हाइकाची. हळद-जिऱ्याला तेवढी रद्दीची पुडी, वर सुताचा दोरा. रात्री दुकान झाडले की सगळा कचरा एका सुपात मावायचा.

बंद होऊन येणारी ठळक वस्तू म्हणजे डालड्याचा पिवळा डबा. त्यावर हिरवे ताडाचे झाड असे. आजच्या चकचकीत पुड्यांची गोष्ट सांगायची तर सुरुवात या डब्यापासून करावी लागते.

डालडा बाजारात आला १९३७ साली. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते तुपासारखे थिजवायचे, अशी ती युक्ती. पण तुपावर वाढलेल्या माणसाला हे खपवायचे कसे? मग लिंटास या जाहिरात कंपनीने कंबर कसली. पत्रके वाटली, चित्रपटगृहांत जाहिरातपट दाखवले, डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यांवर फिरवली. घराघराच्या ऐपतीप्रमाणे लहानमोठे डबे काढले. खाण्याची वस्तू चवीआधी जाहिरातीने स्वयंपाकघरात शिरते, हे आपल्याकडे डालड्याने पक्के शिकवले.

विरोधही झाला. गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पती तुपावर कडक टीका केली. आपल्या शेजारी वर्ध्याला, मगनवाडीत, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ पासून काम करीत होता. तिथे झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा केल्या. गावचे तेल गावातच निघावे, हा त्यामागचा विचार. बैल हरला आणि कारखाना जिंकला, हे आपण जाणतोच. पण त्या भांडणातून एक शहाणपणाचा नियम निघाला. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे सरकारने कारखानदारांना बंधनकारक केले. का, तर तिळाच्या तेलात साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवले की गुलाबी रंग येतो. कोणी तुपात वनस्पती मिसळले, तर हा रंग लगेच चुगली करायचा. म्हणजे मालाच्या पोटातच साक्षीदार बसवला होता, आणि तो बसवण्याची जबाबदारी माल बनवणाऱ्यावर होती.

डालडा प्रकृतीला चांगला होता, असे मी म्हणणार नाही. अशा तुपातल्या ट्रान्स फॅट या घातक चरबीवर आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली ती थेट २०२२ मध्ये. पण त्या डब्याला मात्र दुसरा जन्म होता. आमच्या अम्मीने ईदच्या शेवया त्यातच ठेवल्या. शेजारच्या काकूंनी त्यात तुळस लावली. पार गंजला तरी भंगारवाला त्याचे काही ना काही देई. भंगारवाल्याचा तराजू ही मला वस्तूची खरी परीक्षा वाटते. तो जे उचलत नाही, ते कुणाचेच नसते.

सुट्या मालात सगळे सोन्यासारखे होते, असेही नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि अनेक माणसे दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनातच विकावे, असा केंद्राचा आदेश निघाला. हेतू चांगलाच होता. पण एके दिवशी एक म्हातारी नेहमीप्रमाणे बाटली घेऊन आली. अब्बा म्हणाले, "आता सुटं नाही देता येत, माय." ती बराच वेळ बाटली धरून उभी राहिली. शेवटी पदराच्या गाठीतले पैसे काढून तिने तेलाची लहान पुडी घेतली. रिकामी बाटली रिकामीच परत गेली. त्या रात्री अब्बा नीट जेवले नाहीत.

पुढे दुकानाच्या दारावर पुड्यांच्या माळा लटकल्या. शाम्पू, मसाला, वेफर्स, शेव. पाच रुपयांची पुडी, आत मूठभर माल आणि बाकी हवा. गरिबाला परवडते म्हणून ही पुडी निघाली, असे सांगतात. पण तोच माल सुटा असता तर वेष्टनाचे पैसे त्याच गरिबाचे वाचले असते. आणि ही पुडी भंगारवाला उचलत नाही. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर तिच्यात असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणे कुणाला परवडत नाही.

सरकारला हे कळले नाही, असे नाही. पुनर्प्रक्रिया न होणारी अशी बहुस्तरीय वेष्टने दोन वर्षांत बंद करायची, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांत होते. दोन वर्षे भरली आणि २०१८ मध्ये नियमाचे शब्दच बदलले. ज्यापासून ऊर्जाही मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही, तेवढेच वेष्टन बंद करायचे ठरले. जाळून ऊर्जा मिळते म्हटले की पुडी सुटली! त्याच वर्षी आपल्या राज्यात प्लास्टिकबंदी आली. तिच्यात दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास ५० पैसे मिळण्याची तरतूद होती. आपल्यापैकी किती जणांच्या हातात ते ५० पैसे पडले?

जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा नदीत उतरले. जलकुंभी काढली, कचरा काढला. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचे कौतुक केले. कौतुक योग्यच होते. पण झाडू नेहमी आपल्याच हाती का, हा प्रश्न मोर्णेच्या काठी मला पडतो, आणि अमरावतीच्या सुकळी कंपोस्ट डेपोतले ढीग पाहतानाही पडतो.

या मातीतल्या एका माणसाची इथे आठवण येते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण आमच्याच तालुक्यात, मामाच्या दापुऱ्याला गेले. त्यांच्या एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. गाव झाडायचे आणि मिळालेली भाकरी त्या गाडग्यात खायची. आपण बाबांचा खराटा उचलला. त्यांच्या नावाने स्वच्छता अभियान चालवले, विद्यापीठाला त्यांचे नाव दिले. गाडगे मात्र विसरलो. आपल्या खाण्याचे भांडे आपलेच असावे आणि त्याने मागे घाण ठेवू नये, हे ते गाडगे सांगत होते.

डालड्याच्या काळी सरकारने कारखानदाराला मालात साक्षीदार ठेवायला लावले. आज पुडी विकणाऱ्याला ती परत न्यायला लावणे त्याहून अवघड नाही. तोवर नदी साफ करणारे हात आपले, आणि तिच्यात वाहत येणारी नावे दुसऱ्यांची.

अब्बा आता नाहीत. त्या म्हातारीची बाटली मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)