गोजिरा, कुपा मासा आणि तीन कोटी सह्या

 

महिन्याची बैठक झाली, हप्ते वहीत चढले की आम्ही एक सिनेमा बघतो आणि त्याला साजेसं जेवण रांधतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या वेळी पोरींनी हट्ट धरला, राक्षसाचा सिनेमा हवा. मग आणला जपानचा गॉडझिला, १९५४ सालचा, काळा-पांढरा, दीड तासाचा. जपानी लोक त्याला म्हणतात ‘गोजिरा’. हे नाव ऐकलं आणि आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. आपल्याकडे गोजिरं म्हणायचं ते पाळण्यातल्या बाळाला! त्यांच्याकडे गोरिला आणि कुजिरा, म्हणजे देवमासा, ही दोन नावं जोडून हा गोजिरा झाला.

आता जेवायला काय करायचं? पोरं म्हणाली, पालकाच्या हिरव्या पुऱ्या करा, त्यांना शेपटी काढा. शहरांत असे बेत होतात आणि मजाही येते. पण आमच्यातली एक मासे विकणारी मावशी म्हणाली, “आधी बघू तरी, हा राक्षस आला कुठून.” ते बघायला गेलो आणि पुऱ्या राहूनच गेल्या. कारण या राक्षसाची गोष्ट सुरू होते माशाच्या टोपलीपासून.

१ मार्च १९५४. प्रशांत महासागरात बिकिनी नावाचं बेट आहे. तिथे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट त्याची ताकद होती. तिथून दीडशे किलोमीटरहून लांब एक जपानी मासेमारी बोट होती. नाव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५’. अमेरिकेने धोक्याचा म्हणून जो भाग जाहीर केला होता, त्याच्या बाहेरच ही बोट होती. पहाटे खलाशांना पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड दिसला. काही तासांनी आभाळातून पांढरी राख पडू लागली. ती केसांवर पडली, अंगावर पडली, पकडलेल्या माशांवरही पडली. ते बिचारे त्यातच आपली मासे धरायची दोरी ओढत राहिले.

बोटीवर २३ माणसं होती. १४ मार्चला ती याइझू बंदरात परत आली तेव्हा त्यांची कातडी भाजली होती, केस गळत होते. मासे मात्र बाजारात गेले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली आणि देशभर धसका बसला. त्सुकिजी हा तेव्हा टोकियोचा मोठा मासळीबाजार होता. तिथे आलेले विषारी मासे जमिनीत पुरून टाकावे लागले. ट्यूना, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात, तो तिथल्या घराघरात आवडीचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘अणुबॉम्बचा कुपा’. पुढे तपासणी सुरू झाली तशी आणखी शेकडो बोटींवरचे मासे फेकावे लागले. मे महिन्यात पाऊसही किरणोत्सर्गी पडला. मग भाजी धुवायची तरी कशाने? मासा, पाणी, पालेभाजी, सगळ्यांचा घोर चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाच लागला.

लढाईच्या गोष्टीत नेहमी सेनापतींची नावं येतात. या गोष्टीत एका मासेवालीचं नाव आहे. टोकियोत सुगिनामी म्हणून भाग आहे. तिथे तोमिको सुगावारा नावाची बाई नवऱ्याबरोबर मासळीचं दुकान चालवायची. एप्रिलमध्ये महिलांची एक सभा झाली. तिथे ती उठली आणि म्हणाली की मासे विकले जात नाहीत, आमचं पोट कसं भरायचं, या बॉम्बच्या विरोधात आपण काहीतरी केलं पाहिजे.

त्या भागात बायकांचं एक वाचन मंडळ होतं. घरकाम आटोपून त्या एकत्र बसायच्या आणि पुस्तकं वाचायच्या. कायद्याचे प्राध्यापक काओरू यासुई तिथल्या सार्वजनिक सभागृहाचे प्रमुख होते, ते त्यांना मार्गदर्शन करायचे. मे महिन्यात या सगळ्यांनी मिळून सह्यांची मोहीम सुरू केली. कागद घेऊन बायका दारोदार फिरल्या. पक्ष कोणता, धर्म कोणता, हे विचारायचं नाही असं ठरलं होतं. दोन महिन्यांच्या आत त्या एका भागातून अडीच लाखांहून जास्त सह्या झाल्या. मग गावोगाव लोण पसरलं. ६ ऑगस्ट १९५५ला हिरोशिमात मोठी परिषद भरली, तोवर देशभरातल्या सह्या तीन कोटींच्या वर गेल्या होत्या. जपानची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आसपास. म्हणजे तिघांत एकाची सही!

आपल्या देशातही हा आवाज उठला होता. २ एप्रिल १९५४ला पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली होती.

हे सगळं घडत असताना तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका सिनेमासाठी नवा विषय शोधत होते. त्यांनी ठरवलं, बॉम्बच्या चाचणीने समुद्राच्या तळातून एक राक्षस उठतो, हीच गोष्ट करायची. दिग्दर्शक होते इशिरो होंडा. ते स्वतः सैनिक होते आणि युद्धानंतर घरी परतताना उद्ध्वस्त हिरोशिमातून गेले होते. बोटीवरचे रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला सिनेमा लागला. त्या वर्षीच्या प्रेक्षकांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नसेल.

सिनेमा बघताना आमच्या गटातली कॉलेजात जाणारी पोर खालच्या ओळी मराठीत मोठ्याने सांगत होती. पहिल्याच दृश्यात बोट पेटते आणि बुडते. मग एका बेटावरच्या कोळ्यांची जाळी रिकामी येतात. म्हातारा सांगतो की पूर्वी मासे मिळेनासे झाले की गावातली पोर समुद्रात बळी द्यायचे. आम्ही एकमेकींकडे बघितलं. संकट कुठलंही असो, आधी पोरीवरच येतं. पुढे संसदेत पुरुष म्हणतात, ही गोष्ट गुप्त ठेवा. तेव्हा बायका उठून ओरडतात की खरं ते लोकांना सांगा. तिथे आमच्या खोलीत टाळ्या पडल्या.

तो राक्षस म्हणजे जड रबरी पोशाखात शिरलेला माणूस. हारुओ नाकाजिमा त्याचं नाव. पोशाख एवढा अवजड की आत फार वेळ उभं राहवत नसे. आणि ती डरकाळी? संगीतकार इफुकुबे यांनी एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर राळ लावलेला कातडी हातमोजा घासून ती काढली. हे ऐकून पोरांनी लगेच आमच्या भजनी मंडळाच्या एकतारीवर प्रयोग केला, तो नंतर थांबवावा लागला.

जेवण अगदी साधं केलं. जपानी घरात भात, सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सार, लोणचं आणि मासा असं जेवण असतं. आम्ही भात टाकला, मिसोच्या जागी कुळथाचं सार केलं, मुळ्याच्या चकत्या मीठ-लिंबात मुरवल्या आणि बांगडे भाजले. बांगडे त्या मावशीनेच आणले होते.

जेवता जेवता ती बोलली. चार वर्षांपूर्वी आपल्या खाडीत मासे मरून तरंगले होते, आठवतं ना? वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं पाणी उतरलं होतं. तेव्हा तीन आठवडे तिची टोपली भरलेली परत यायची. तक्रार करू या, असं आमच्यापैकी काही जणी म्हणाल्या होत्या, तर तिनेच आम्हाला गप्प केलं होतं. बोभाटा झाला तर आपला मासा कायमचा बसेल, ही तिची भीती. आम्हीही गप्प बसलो. “ती जपानची बाई पण मासेवालीच होती,” मावशी म्हणाली. “तिचाही धंदा बसला होता. तरी ती उठून बोलली.”

त्यावर कुणीच लगेच काही बोललं नाही. मावशीची भीती खोटी नव्हती. आजही नाही. पण त्या रात्री हप्त्यांच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि खाडीची नोंद सुरू केली. तारीख, पाण्याचा रंग, वास, किती मासे मेले. पुढच्या ग्रामसभेत पाणी तपासण्याचा अर्ज द्यायचा ठरलं. अर्जावर पहिला अंगठा मावशीने दिला. त्याखाली आमच्या सतरा जणींच्या सह्या आहेत.

तीन कोटींपुढे सतरा म्हणजे काहीच नाही. पण सुगिनामीतही कुणीतरी पहिल्या कागदावर पहिली सही केलीच असेल.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा सिनेमा जरूर बघा. सोबत भात आणि मासा रांधा, मासा खात नसाल तर कुळथाचं सार पुरे. आणि जेवताना एकमेकींना विचारा, आपल्या ताटातलं पाणी कुठून येतं? पुढच्या भागात ग्रामसभेत काय झालं ते सांगू. तोवर नमस्कार.