मज्जारज्जू-उद्दीपन व उभे राहणे

अधरांगघात झालेल्या व्यक्तीला विजेच्या साहाय्याने उभे राहता यावे यासाठीची उपचारपद्धती. अधरांगघात म्हणजे दोन्ही पायांचा लकवा. शरीराची एक बाजू लुळी पाडणारा अर्धांगवायू वेगळा.

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचे आदेश त्या जागेच्या खाली पोचेनासे होतात. खालचा रज्जू मात्र बहुधा शाबूत असतो. मेंदूशी संबंध तुटला तरी मांजराचा मज्जारज्जू चालण्याची लय स्वतः निर्माण करतो, हे ग्रॅहम ब्राऊन यांनी 1911 मध्येच दाखवले होते. माणसाच्या उपचारात हे ज्ञान उतरायला शतक गेले.

आधीचा मार्ग सरळ होता: मांडीच्या स्नायूंनाच वीज द्यायची. स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना येथे क्राल्य व बाय्द यांनी त्वचेवर इलेक्ट्रोड लावून रुग्णांना उभे केले. पण अशाने स्नायू लवकर थकतात.

दुसऱ्या मार्गात वीज रज्जूला देतात. अमेरिकेतील लुइव्हिल येथे सुझन हार्केमा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अधरांगघात झालेल्या एका 23 वर्षांच्या तरुणाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच्या कमरेच्या भागात, रज्जूच्या बाह्य आवरणावर 16 इलेक्ट्रोडची पट्टी बसवली होती. उपकरण मुळात वेदनाशमनासाठी बनवलेले. तोल सांभाळण्यापुरता आधार घेऊन तो स्वतःचे पूर्ण वजन पेलत सव्वाचार मिनिटे उभा राहिला.

त्याच्या स्नायूंतील विद्युत-हालचालींची नोंद हा या वृत्तान्तातला सर्वांत बोलका भाग आहे. तो बसलेला असताना पायांचे स्नायू जवळजवळ शांत होते. उभा राहू लागताच ते जागे झाले, आणि तेही विजेत काहीही बदल न करता! म्हणजे पाय उचलून धरणारी वीज नव्हती. ती रज्जूला फक्त सावध करत होती. पावलांवर पडलेला भार आणि सांध्यांची स्थिती यांच्या संवेदना वाचून स्नायूंना कामाला लावत होता तो रज्जूच. वीज बहुधा संवेदी तंतूंमार्फत रज्जूत शिरते, असे मानतात.

मात्र नुसते उपकरण बसवून भागत नाही; सरावही लागतो, पण नुसता सरावही पुरत नाही. या तरुणाने शस्त्रक्रियेपूर्वीच पट्ट्यांना टांगून, सरकत्या पट्ट्यावर चालण्याची 170 सत्रे केली होती, आणि तेवढ्याने त्याच्या पायांत काही फरक पडला नव्हता. पुढे सरावानंतर उद्दीपन चालू असताना त्याला पाय स्वेच्छेने हलवताही येऊ लागले. ते बंद करताच ही हालचाल थांबे. 2018 मध्ये लुइव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटांनी काही रुग्णांना आधाराने चालवून दाखवले.