कॅराव्हॅनच्या टायरमधील हवेचा दाब

कॅराव्हॅन म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोटारगाडी. तिच्या टायरमध्ये भरावयाचा हवेचा दाब प्रत्येक ॲक्सलवर येणाऱ्या प्रत्यक्ष भारावरून ठरवतात. हा दाब पौंड प्रति चौरस इंच (व्यवहारात नुसते ‘पौंड’) किंवा बार या एककात मोजला जातो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पौंड. भारतात या वाहनांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले.

भार व दाब

टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब हा भरावयाचा दाब नव्हे. तो त्या टायरच्या सर्वाधिक भारासाठी असतो. ‘१२१/१२०’ अशा भारांकातील पहिला आकडा एकेरी चाकासाठी (१,४५० किलो), तर दुसरा जोडचाकांतील प्रत्येक टायरसाठी (१,४०० किलो) असतो. त्याहून कमी भाराला किती दाब पुरतो, हे उत्पादकाच्या भार-दाब तक्त्यात दिलेले असते.

त्यासाठी गाडी सामान, प्रवासी व भरलेल्या पाण्याच्या टाकीसह तोलावी लागते. १०० लिटर पाण्याचेच १०० किलो होतात. जळगाव-धुळे भागात कापूस आणि केळीच्या व्यापारामुळे वजनकाटे सहज सापडतात. आधी केवळ पुढची चाके आणि नंतर केवळ मागची चाके काट्यावर घेतली की दोन्ही ॲक्सलचे भार मिळतात. स्वयंपाकाचा ओटा व टाकी एकाच बाजूला असल्यास डाव्या-उजव्या चाकांवरील भार सारखा राहत नाही. मागील ॲक्सलवरील २,२०० किलोंपैकी एका चाकावर १,१८० व दुसऱ्यावर १,०२० किलो असतील, तर दोन्हींत १,१८० किलोंना पुरेल असाच दाब ठेवतात.

खानदेशातील तापमान

दाब नेहमी थंड टायरचा, म्हणजे गाडी काही तास सावलीत उभी राहिल्यानंतरचा, मोजतात. जळगाव व भुसावळ येथे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. पहाटे २७ अंशांना ६५ पौंड भरलेला टायर ४५ अंशांना, उभ्या गाडीतच, सुमारे ७० पौंड दाखवतो. चालत्या गाडीत त्याहूनही अधिक. ‘उन्हाळ्यात टायर फुटू नये’ म्हणून अशा वेळी हवा सोडण्याची पद्धत रूढ आहे, पण ती उलट घातक ठरते. हवा कमी झाली की टायरच्या भिंती अधिक वाकतात, घर्षणाने उष्णता वाढते आणि रबराचे थर सुटू लागतात. उलटपक्षी, मे महिन्यात भरलेले ६५ पौंड डिसेंबरातील १२ अंशांच्या पहाटे, हवा मुळीच न गळता, सुमारे ६१ वर येतात.

आराम की सुरक्षितता

कमी दाबाने धक्के कमी बसतात, हे खरे. मात्र तक्त्यातील किमान दाब ही त्याची मर्यादा होय. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांसाठी वाहननिर्मात्याने २६ पौंडांची शिफारस केली होती, तर फायरस्टोनने पुढे ३० पौंडांची केली. थर सुटून झालेल्या अपघातांनंतर ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवण्यात आले. टायरमधील दोषांबरोबरच कमी दाबाचीही त्यात चर्चा झाली आणि पुढे तेथे दाबदर्शक यंत्रणा सक्तीची झाली.

उंचीचा परिणाम अल्प असतो. तापी खोऱ्यातून सुमारे १,००० मीटर चढून तोरणमाळला गेल्यास दर्शक जेमतेम दीड पौंड जास्त दाखवतो, आणि वरच्या थंड हवेत तोही भरून निघतो.