आवाजाचा धुरा

भंडाऱ्याकडे धानाच्या बांध्यांवरून भांडण निघालं की ते बहुधा धुऱ्याचं असतं. दोन बांध्यांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. शेजारी दरवर्षी चार बोटं धुरा कोरतो, आणि दहा वर्षांनी आपल्या लक्षात येतं की आपली बांधी अरुंद झाली. हवेतही असेच धुरे असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. रेडिओवर बोलणारा प्रत्येक माणूस हवेत थोडी जागा अडवतो. ही जागा किती अडवायची, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्यातलं एक पान आपल्या विदर्भाला येऊन भिडतं.

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'ची हाक गेली आणि आपल्या भागात तुमसर, आष्टी, चिमूर पेटले. आष्टी आणि चिमूरला १६ ऑगस्टला लोकांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर तिथल्या घराघरांतून जे घडलं, ते छापायची सोय वर्तमानपत्रांना नव्हती. अशा वेळी मुंबईतून एक बेकायदा आवाज निघाला. त्याचं नाव 'काँग्रेस रेडिओ'. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं. बोलणारी होती २२ वर्षांची उषा मेहता. सुरुवात 'हिंदोस्ताँ हमारा'ने व्हायची आणि शेवट 'वंदे मातरम्'ने. राममनोहर लोहिया त्यावर बोलले. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत देशाला सांगणाऱ्यांत हा रेडिओ होता.

हे यंत्र उभं करण्यात मोठा हात होता नरिमन प्रिंटर यांचा. ते हौशी रेडिओवाले, म्हणजे आज ज्यांना आपण 'हॅम' म्हणतो त्यांच्यातले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने सगळ्या हौशी लोकांचे परवाने रद्द केले होते. सरकारने परवाना काढून घेतला, पण डोक्यातली विद्या कशी काढून घेणार?

काँग्रेस रेडिओ आपली जागा ४२.३४ मीटर अशी सांगायचा. आजच्या मापात ती ७.०८ मेगाहर्ट्‌झच्या आसपास येते. भारतातल्या परवानाधारक हॅमना आज ७.० ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोकळा आहे. म्हणजे उषाबेनचा आवाज ज्या बांधीतून गेला, त्याच बांधीत आज सकाळी कुणी नागपूरचा हॅम पुण्याच्या मित्राला हवापाणी विचारत असतो. १९४२ मध्ये त्याच जागेवर बोलल्याबद्दल तुरुंग होता. १२ नोव्हेंबरला पोलिसांची धाड पडली आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली.

आता त्या आवाजाच्या रुंदीकडे वळू. त्या काळी आवाज 'एएम' पद्धतीने जायचा. या पद्धतीत मधोमध एक वाहक लहर असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाच्या दोन प्रती असतात, जशा आरशासमोर ठेवलेल्या. दोन्हीत मजकूर तोच. माणसाचं बोलणं समजायला साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झ पुरतात. पण प्रती दोन असल्यामुळे हवेत ६००० हर्ट्‌झ अडतात. शिवाय आवाज पूर्ण भरात असतानासुद्धा दोन तृतीयांश शक्ती एकटी वाहक लहर खाते, आणि तिच्यात शब्द एकही नसतो.

हा अपव्यय टाळता येईल, हे अमेरिकेतल्या जॉन कार्सन यांनी १९१५ मध्येच मांडलं होतं. वाहक लहर काढा, एक प्रत काढा, उरलेली एकच पाठवा. ७ जानेवारी १९२७ ला लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात सुरू झालेली बिनतारी टेलिफोन सेवा याच तत्त्वावर चालली. हौशी लोकांपर्यंत ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर पोहोचली. अडचण एकच होती, ती चाळणीची. नको ती प्रत काटेकोर कापणारा फिल्टर महाग होता. अमेरिकेच्या कॉलिन्स कंपनीने १९५० च्या दशकात धातूच्या चकत्यांचा फिल्टर आणला. दुसरा मार्ग क्वार्ट्‌झच्या स्फटिकांचा. पण आपल्याकडे अशा वस्तू मिळवणं आणि परवडणं, दोन्ही अवघड.

ही कोंडी फोडणाऱ्यांत हैदराबादचे अशहर फरहान यांचं नाव घ्यावं लागेल. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'बिटएक्स' नावाचा संच रचला आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. बाजारात सहज मिळणारे १० मेगाहर्ट्‌झचे स्वस्त स्फटिक त्यांनी फिल्टरला वापरले. यातली गंमत अशी की ऐकताना आणि बोलताना तोच एक फिल्टर काम करतो. दुसऱ्याचा आवाज ज्या मापाने चाळायचा, त्याच मापाने स्वतःचाही चाळायचा. मला यात केवळ काटकसर दिसत नाही, न्यायही दिसतो.

नव्या हॅमना फिल्टर कोणता घ्यावा हा प्रश्न हमखास पडतो. बोलण्यासाठी २.४ किलोहर्ट्‌झच्या आसपासचा पुरे. पट्ट्यात गर्दी झाली तर १.८ चा कामी येतो, आवाज जरा घुसमटतो पण शब्द कळतात. मोर्सच्या कडकट्टला ५०० हर्ट्‌झ बस्स होतात. जुन्या पद्धतीचं एएम प्रसारण नीट ऐकायचं तर ६ किलोहर्ट्‌झ हवेत.

ही झाली ऐकण्याची बाजू, आणि तिथे चूक झाली तर नुकसान आपलंच. बोलण्याच्या बाजूला नुकसान शेजाऱ्याचं होतं. आजच्या संचांत पाठवायच्या आवाजाची रुंदीही निवडता येते. कुणी ३०० ते २७०० ठेवतो, कुणी आवाज भारदस्त लागावा म्हणून १०० ते २९०० करतो. मोकळ्या वेळी ते चालून जातं, गर्दीत तो शेजाऱ्याच्या बांधीत पाय ठरतो.

मात्र एक गल्लत नेहमी होते. अरुंद फिल्टर लावला म्हणजे आपलं प्रसारण अरुंदच राहील, असं लोक समजतात. फिल्टर त्याच्यापर्यंत आलेलं चाळतो. त्याच्या पुढे शक्ती वाढवणारा अॅम्प्लिफायर असतो. मायक्रोफोनची कळ पिळून त्या अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ढकललं, की तो आवाज विकृत करतो आणि त्याचे तुकडे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांवर उडतात. चाळून घेतलेला तांदूळ पुढे फाटक्या पोत्यात भरावा, तसं हे. इलाज साधा आहे. कळ खाली आणा, शक्तीचा काटा हवरटासारखा पाहू नका, आणि ओळखीच्या हॅमला विचारा, 'माझा आवाज बाजूला सांडतोय का?'

हिशेबापुरतं सांगतो. २०० किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात एएमच्या ६ किलोहर्ट्‌झच्या मापाने जेमतेम ३३ जण बोलू शकतात. अडीच किलोहर्ट्‌झच्या मापाने ८० मावतात. जागा तेवढीच, माणसं दुपटीहून जास्त. ही वाढ कुठल्या सरकारने दिली नाही. प्रत्येकाने आपल्या आवाजाची कड थोडी छाटली म्हणून ती झाली.

१९४२ मध्ये हवा सगळी सरकारची होती. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी त्यातला एक अरुंद तुकडा अडीच महिने आपला केला आणि आष्टी-चिमूरची गोष्ट त्यातून नेली. आज तो तुकडा आपल्या हातात परवान्यासकट आहे. तिथे बोलायला बसलात तर एवढंच करा, बटण दाबण्याआधी क्षणभर ऐका. धुऱ्यापलीकडे कुणीतरी आधीच बोलत असेल.