योगाच्या वर्गातला पहिला दिवस : शंभर वर्षांची गोष्ट

आजचा विषय कळल्यावर माझ्या एका जुन्या मित्राने फोन केला. म्हणाला, "योगाच्या क्लासला कसं जायचं हे सांगायला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कशाला हवा? सतरंजी घ्यायची आणि जायचं." त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण सतरंजी घेऊन 'जायचं', म्हणजे कुठे जायचं? दहा-वीस अनोळखी माणसं ठरलेल्या वेळी एका खोलीत जमतात, फी भरतात आणि समोरचा सांगेल तसं वाकतात, ही व्यवस्था कधीपासूनची? आपल्याला वाटतं, हजारो वर्षांची. योग जुना आहे, यात वाद नाही. योगाचा वर्ग मात्र जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या मुंबई, लोणावळा आणि पुण्यात घडलेला आहे.

आधी एक कबुली देतो. मी अठ्ठावीस वर्षं योगसूत्रं शिकवली. पतंजलींची आसनावर इनमीन तीन सूत्रं आहेत. आसन स्थिर असावं, सुखाचं असावं, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याला गणती नाही. पण मी स्वतः मांडी घालून सलग दहा मिनिटं कधी बसलो नव्हतो. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा घराजवळच्या एका वर्गात नाव घातलं. शिकवणारा मुलगा उत्साही होता. पहिल्याच दिवशी "काका, जमतंय जमतंय" म्हणत त्याने माझ्या पाठीवर भार दिला. पुढचे तीन आठवडे मी मोजेही बसून घालू शकत नव्हतो. त्या तीन आठवड्यांत पडल्या पडल्या मी जे वाचलं, त्यातून आजचं व्याख्यान तयार झालं आहे.

पंधराव्या शतकातली स्वात्मारामाची हठप्रदीपिका घ्या. तिच्यात अभ्यासाची जागा कशी असावी ते सांगितलंय : एकांतातली लहानशी मठी, दार छोटं, भिंतींना भोकं नाहीत, शेणाने नीट सारवलेली. म्हणजे जागा एका माणसाची. योगाचा नाश करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, तिच्यात जास्त खाणं आहे, जास्त बोलणं आहे आणि 'जनसंग'ही आहे. लोकांची संगत हेच विघ्न! शिवाय विद्या गुप्त ठेवा, असाही उपदेश आहे. या हिशेबाने सकाळी सहाची बॅच म्हणजे विघ्नच म्हणायचं.

पण त्याच ग्रंथात, त्याच पहिल्या प्रकरणात, दुसरंही सांगितलंय. तरुण असो, म्हातारा असो, अतिवृद्ध असो, आजारी असो की दुबळा, आळस न करता जो अभ्यास करतो त्याला फळ मिळतं. म्हणजे अधिकार सगळ्यांना, पण दार मात्र लहान आणि विद्या झाकलेली. हा ताण त्या ग्रंथातच आहे. विसाव्या शतकात काही माणसांनी ते दार मोठं केलं. त्यांनी काय कमावलं आणि काय गमावलं, हा आपला प्रश्न.

नर्मदाकाठी मालसर इथे परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी दोन वाटा काढल्या. पहिले श्रीयोगेंद्र, मूळचे मणिभाई देसाई, मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी. तरुणपणी त्यांना कुस्तीचा नाद. गुरूने आपली गादी यांच्याकडे यावी अशी इच्छा धरली, पण हे संन्यासी झाले नाहीत. २५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, त्यांनी योग इन्स्टिट्यूट सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कजवळ शाखा काढली, १९२४ मध्ये परत आले. त्यांचा आग्रह एकच : योग संसारी माणसाला मिळाला पाहिजे, आणि तो सोपा करून मिळाला पाहिजे. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. स्त्रीने घराबाहेर व्यायामाला जाणं हीच बातमी होण्याचा तो काळ, हे लक्षात घ्या.

दुसरे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. संस्कृतचे विद्यार्थी, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे अंमळनेरला शिक्षक. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. यांची वाट प्रयोगशाळेची. उड्डियान आणि नौली करताना पोटात नक्की काय होतं? गुप्त विद्येवर क्ष-किरण टाकणारा हा माणूस. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, असं त्यांना मोजमापात दिसलं. त्या निर्वाताला त्यांनी नाव दिलं 'माधवदास निर्वात'. मला हे फार हृद्य वाटतं. गुरूचं नाव त्यांनी एका मोजमापाला दिलं.

वर्गाच्या इतिहासात मला कुवलयानंदांची दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९३६ मध्ये त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' तयार केला. समूहाने, हुकुमावर, एका तालात करायचा योग. जनसंग हे विघ्न होतं, इथे संघ हीच पद्धत झाली! हे शाळांसाठी होतं, तरुणांसाठी होतं. पारतंत्र्यातल्या देशाला सशक्त मुलं हवी होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी याच सुमारास संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार घालून घेत होते. आज योगाच्या वर्गात सर "एक... दोन... तीन..." मोजतात ना, त्या मोजण्यात ऋषींच्या आश्रमापेक्षा शाळेच्या मैदानाचा आवाज जास्त आहे. हे मी दोष म्हणून सांगत नाही, वंशावळ सांगतोय. फक्त मोजण्याचा एक परिणाम होतो. दहा जणांना एकच आकडा ऐकू येतो, आणि दहा जणांचे गुडघे मात्र वेगवेगळे असतात.

आता पुणं. १९३७ साली डॉ. व्ही. बी. गोखले यांच्या प्रयत्नाने अठरा वर्षांचा एक मुलगा म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांकडून पुण्यात शिकवायला आला. सहा महिन्यांसाठी. नाव बी. के. एस. अय्यंगार. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी पिचलेलं शरीर. मराठी येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, आणि समोरचे विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयाने मोठे, शिकलेले, धडधाकट. सहा महिन्यांसाठी आलेला तो मुलगा २०१४ मध्ये पुण्यातच वारला.

शिकवण्यात अय्यंगारांनी काय बदललं? हठप्रदीपिकेतला 'दुबळा' आणि 'वृद्ध' माणूस त्यांनी मनावर घेतला. हात पायापर्यंत पोचत नाही? पट्टा घ्या. जमिनीला टेकत नाही? लाकडी वीट घ्या. उभं राहवत नाही? भिंत आहे, खुर्ची आहे, दोर आहेत. १९७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत या साधनांचं शास्त्रच झालं. सुखाचं आसन म्हणजे काय, याचं इतकं सरळ भाष्य मी कुठल्याही टीकेत वाचलेलं नाही. मी सूत्राचा अन्वय लावत होतो, या माणसाने गुडघ्याखाली घडी घातलेलं कांबळं ठेवलं.

थोडं गमावलंही. १९६९ मध्ये लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने प्रौढांच्या वर्गांत योगाला जागा दिली. अट अशी की शिकवणं आसन-प्राणायामापुरतं ठेवावं, योगाच्या तत्त्वज्ञानात शिरू नये. म्हणजे माझा विषय वर्गाबाहेर! तेव्हापासून जगभर बहुतेक ठिकाणी हाच तह चालू आहे. २०१५ पासून आपण २१ जूनला मैदानं भरून योगदिन करतो, त्यातही मुख्य भाग आसनांचाच. यम-नियम पाठांतराला, आसन करायला.

मग नव्याने सुरू करणाऱ्याने काय करायचं? इतिहासातून मी तीन गोष्टी उचलल्या, आणि दुसऱ्या वर्गात नाव घालताना त्या वापरल्या. एक : पहिल्या भेटीत शिक्षक तुमची दुखणी विचारतो का, ते पाहा. कुवलयानंद मोजून बघत होते, हा निदान विचारून तरी बघतो का? रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकाला न विचारता सांगा. दोन : वर्गात पट्टा, वीट, खुर्ची आहे का, आणि ती मागितली तर कमीपणा वाटतो का? वाटत असेल तर तो वर्ग तुमचा नाही. तीन : आसनात असताना श्वास सहज चालतोय का? श्वास कोंडला, दात आवळले गेले की स्थिरता असेल कदाचित, सुख नाही. मागे या. शेजारच्याकडे बघायचं नाही. तेवढा जनसंग टाळला तरी पुष्कळ.

मी आता एका शिक्षिकेकडे जातो. माझ्या नातीच्या वयाची आहे. पहिल्या दिवशी तिने मला काहीच करायला लावलं नाही. भिंतीला पाठ लावून, खाली दोन कांबळी घेऊन बसवलं. म्हणाली, "आजोबा, आज एवढंच." मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. अठ्ठावीस वर्षं शिकवलेलं सूत्र मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

शेवटी समोरच्या ताईंनी मघाशी विचारलं, "सर, घरी व्हिडिओ बघून केलं तर नाही का चालणार?" चालेल, पण काही महिन्यांनी. व्हिडिओला तुम्ही दिसत नाही, ताई. सुरुवातीला कोणीतरी तुमच्याकडे बघणारं हवं. दार मोठं केलं ते त्यासाठीच. एकदा स्वतःकडे बघता यायला लागलं, की मग स्वात्मारामाची मठी आहेच. घराचा एक कोपरा पुरतो.